सापाच्या विषापासून खरंच बीपीची गोळी बनते का?

“बीपीच्या गोळीत सापाचं विष असतं” असा मेसेज तुमच्याही फोनवर कधी ना कधी आला असेल. काही जण तो वाचून हसतात, तर काही जण घाबरून गोळी बंद करण्याचा विचार करतात. यात खरं किती आणि खोटं किती, ते पाहू.

आधी ‘विषारी’ म्हणजे काय?

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. नाग, विंचू किंवा गांधीलमाशी दंश करून विष शरीरात सोडतात. काही भेक आणि फुगा मासे मात्र चावून विष सोडत नाहीत. त्यांचं विष अंगातच असतं आणि ते खाल्लं तर बाधतं.

दंशाचं विष म्हणजे एकच पदार्थ नसतो. त्यात अनेक प्रथिनं आणि लहान रेणू असतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. कुणी नसा बधिर करतो, कुणी रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवतो, तर कुणी रक्तदाब खाली आणतो. यातला नेमका एक रेणू वेगळा काढून त्याचं काम समजून घेतलं, तर त्यातून औषधाची वाट सापडू शकते.

ब्राझीलचा साप आणि बीपीची गोळी

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आढळतो. 1949 मध्ये मॉरिसिओ रोशा ई सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की, या सापाचं विष रक्तात मिसळलं की ब्राडिकायनिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो. पुढे 1965 मध्ये सर्जिओ फरेरा यांना याच विषात ब्राडिकायनिनचा परिणाम वाढवणारे घटक सापडले. हेच घटक शरीरातलं रक्तदाब वाढवणारं एक एन्झाइमही अडवतात, हे नंतर लक्षात आलं.

अडचण अशी होती की हे घटक इंजेक्शननेच द्यावे लागत. अमेरिकेच्या स्क्विब कंपनीतल्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी त्यांचा अभ्यास केला आणि तेच काम करणारा लहान रेणू प्रयोगशाळेत तयार केला. त्याचं नाव कॅप्टोप्रिल. 1981 मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल ही त्याच घराण्यातली नंतरची औषधं.

म्हणजे मेसेज अर्धाच खरा आहे. कल्पना सापाच्या विषातून आली, पण गोळीत विषाचा थेंबही नसतो. शिवाय बीपीच्या सगळ्याच गोळ्या या घराण्यातल्या नाहीत. त्यामुळे असा मेसेज वाचून गोळी बंद करू नका.

कोकणातलं फुरसं

फुरसं दिसायला लहान, पण त्याची धास्ती मोठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ते सगळ्यांना माहीत आहे. ते चावलं की रक्त गोठेनासं होतं आणि रक्तस्राव थांबत नाही.

या विषात एकिस्टॅटिन नावाचं प्रथिन असतं. ते रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. हार्ट अटॅकमध्ये नेमकं हेच हवं असतं, कारण तिथे हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. एकिस्टॅटिनची नक्कल करून टायरोफिबॅन हे औषध बनलं. अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मंजुरी मिळाली. ते रुग्णालयात सलाइनमधून देतात.

घोणसचं विष तर रक्ततपासणीतच वापरतात. ज्यांच्या रक्तात वारंवार गुठळ्या होतात किंवा ज्या स्त्रियांचा पुन्हा पुन्हा गर्भपात होतो, त्यांना डॉक्टर ‘डीआरव्हीव्हीटी’ ही तपासणी सांगू शकतात. रक्ताच्या नमुन्यात घोणसचं विरळ केलेलं विष घालून तो किती वेळात गोठतो, हे त्यात पाहतात.

सरडा आणि शंखगोगलगाय

अमेरिका आणि मेक्सिकोच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा राहतो. 1992 मध्ये जॉन एंग यांनी त्याच्या विषातला एक्सेंडिन-4 हा घटक जगापुढे मांडला. तो आपल्या आतड्यातल्या जीएलपी-1 या संप्रेरकासारखा वागतो, पण शरीरात जास्त वेळ टिकतो. त्यातून आलेलं मधुमेहावरचं एक्सेनाटाइड हे इंजेक्शन 2005 मध्ये मंजूर झालं. सध्या गाजत असलेलं सेमाग्लुटाइड मात्र सरड्यापासून आलेलं नाही. ते माणसाच्याच जीएलपी-1 वर बेतलेलं आहे.

समुद्रातली कोन शंखगोगलगाय विषारी दात मारून मासे पकडते. तिच्या विषावर फिलिपिन्समध्ये वाढलेले बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी संशोधन केलं. त्यातून झिकोनोटाइड हे औषध आलं. असह्य, जुनाट वेदनांवर ते थेट मणक्यातल्या द्रवात सोडतात. 2004 मध्ये ते मंजूर झालं. त्याचं मॉर्फिनसारखं व्यसन लागत नाही.

विषावर उतारा विषाचाच

सर्पदंशावरची लसही विषातूनच बनते. घोड्याला विषाचे अगदी थोडे डोस देतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि ती वेगळी काढून औषध बनवतात. भारतातली नेहमीची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. त्यासाठी लागणारं बरंचसं विष तामिळनाडूतल्या इरुला समाजाची सहकारी संस्था गोळा करते. ती 1978 मध्ये सुरू झाली. विष काढून झाल्यावर साप पुन्हा जंगलात सोडले जातात.

तरीही 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख लोक गेले, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणून एवढं लक्षात ठेवा:

- रुग्णाला धीर द्या आणि चालवू नका. दंश झालेला हात किंवा पाय स्थिर ठेवा.
- अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा.
- जखम कापू नका, तोंडाने विष ओढू नका, दोरी आवळू नका.
- साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका.
- मांत्रिकाकडे न जाता थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. 108 वर फोन केला तर रुग्णवाहिका येते.