चित्रकथेच्या शाईकामाची पहिली सामग्री : काय घ्यावे, काय टाळावे

चित्रकथेचे पान छापून वाचकाच्या हाती येते तेव्हा त्यावर पेन्सिलीची एकही रेघ उरलेली नसते. वाचकाला दिसते ती शाईची रेषा. पेन्सिलीच्या कच्च्या आराखड्यावर शाईने अंतिम रेषा ओढण्याच्या या कामाला शाईकाम किंवा इंकिंग म्हणतात. नव्याने चित्रकथा काढू लागलेले अनेक जण याच टप्प्यावर अडखळतात. रेघ फुटते, शाई कागदात पसरते, रंग भरताच काळे ओघळ येतात आणि दोष आपल्याच हाताचा आहे असे समजून वही मिटली जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष हाताचा नसून कागदाचा किंवा शाईचा असतो. म्हणून सामग्रीची निवड करताना महाग पेनापासून नव्हे, तर कागदापासून सुरुवात करणे हिताचे ठरते. आधी कागद, मग शाई आणि शेवटी हत्यार, हा क्रम ध्यानात ठेवला तर मोजक्या खर्चात काम उभे राहते.

शाईच कशासाठी?

रेखाचित्राच्या छपाईत एकतर काळे असते किंवा कोरे. पेन्सिलीची करडी छटा स्कॅन करताना तुटक होते किंवा नाहीशी होते. शाईची गडद, सलग रेषा मात्र आकार लहान केला तरी टिकते. छपाईच्या या गरजेतून शाईकामाची शिस्त घडली. १९६७ साली सुरू झालेल्या अमर चित्रकथा मालिकेसारख्या रंगीत पुस्तकांतही आकृतींना उठाव देते ती काळी रेषाच.

कोणत्या हत्याराने कशी रेषा उमटते, हे पाहायला गोव्यातील वाचकाला दूर जावे लागत नाही. लोटलीचे मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांच्या चित्रांतील गजबजलेले बाजार, बाल्कन्या आणि मेजवान्या बारीक, काटेकोर रेषांनी व दाट रेघाटणीने भरलेल्या असतात. ती पेनाच्या कामाची ओळख आहे. याउलट आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतील जाड-बारीक होत जाणारी लवचीक रेषा कुंचल्याची आहे. या दोन पद्धतींत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. आपल्याला कोणती रेषा हवी आहे, हे आधी ठरवले की कोणते हत्यार घ्यावे या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

कागद : सर्वांत आधी

कागदाचे वजन जीएसएममध्ये सांगतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. छायाप्रतीसाठी वापरला जाणारा ७० ते ८० जीएसएमचा कागद रोजच्या रेघोट्यांच्या सरावाला चालतो, पण अंतिम पानासाठी तो निरुपयोगी आहे. ओल्या शाईने तो लहरतो, शाई तंतूंतून पसरते आणि दोन-तीनदा खोडले की त्याचा पृष्ठभाग उसवतो.

अंतिम पानासाठी २०० जीएसएम किंवा त्याहून जाड, गुळगुळीत आणि शाई न शोषणारा कागद हवा. जगभर यासाठी ब्रिस्टल बोर्ड वापरला जातो. तो मिळाला नाही तर गुळगुळीत आयव्हरी कार्ड किंवा जाड कार्ट्रिज कागद घेता येतो. शालेय चित्रकलेतील खरखरीत कार्ट्रिज पेन्सिलीला आणि जलरंगाला छान असला तरी टाकाची अणकुचीदार निब त्याच्या तंतूंत अडकते आणि शाईचे शिंतोडे उडतात.

कागद गठ्ठ्याने घेण्याआधी एकच ताव आणून त्याची परीक्षा करावी. कोपऱ्यात एक जाड व एक बारीक रेघ ओढावी, थोडा भाग पूर्ण काळा भरावा आणि वाळू द्यावा. रेघेच्या कडेला केसांसारखे फाटे फुटले, तर तो कागद शाईकामाचा नाही. फाटे फुटले नाहीत तर त्याच जागी खोडरबर फिरवून काळेपणा किती उतरतो तेही पाहावे.

मूळ चित्र छापील आकारापेक्षा मोठे काढण्याची प्रथा आहे. लहान करताना हाताचा किंचित थरथराट झाकला जातो आणि रेषा आवळल्यासारखी नीट दिसते. ए-३ आकारावर, म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटरच्या तावावर काढलेले पान ए-४ आकारात छापताना सुमारे ७१ टक्के होते. त्या हिशेबाने ०.२० मिलिमीटरची रेघ ०.१४ मिलिमीटरवर येते. फार बारीक रेघाटणी छपाईत एकतर गायब होते किंवा एकमेकींत मिसळून काळा डाग बनते, त्यामागे बहुतेकदा हेच गणित असते.

शाई : काळी आणि जलरोधक

शाईकामासाठी वापरली जाणारी 'इंडियन इंक' मुळात काजळाची शाई आहे. बारीक काजळी आणि ती कागदाला धरून ठेवणारा बंधक पदार्थ, एवढीच तिची रचना. काजळात डिंक घालून घोटलेली शाई आणि बोरूची लेखणी आपल्याकडील पोथ्यांना आणि मोडी दप्तरांना परिचित होती. आजच्या बाटलीतील शाई त्याच कुळातील आहे. काजळी हा कार्बन असल्याने ती वर्षानुवर्षे फिकट होत नाही.

बाटली घेताना त्यावर 'वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक' असे लिहिलेले आहे का, हे आवर्जून पाहावे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या धंद्यापासूनच सुरू केलेल्या कॅमलिनची जलरोधक काळी ड्रॉइंग इंक लहान बाटलीत मिळते. नवशिक्याला ती पुरेशी आहे.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, फाउंटन पेनची नेहमीची शाई वापरण्याची. ती रंजकद्रव्य पाण्यात विरघळवून केलेली असल्याने वरून जलरंगाचा हात फिरताच पसरते, शिवाय उन्हात फिकी पडते. दुसरी चूक उलट आहे : फाउंटन पेनमध्ये ड्रॉइंग इंक भरण्याची. ती शाई आत वाळून नळी आणि जीभ कायमची बंद करते. एक चांगले पेन त्यात हकनाक जाते.

शाई जलरोधक आहे की नाही, हे पाहण्यासाठी कागदावर रेघ ओढून ती पूर्ण वाळू द्यावी आणि वरून ओला कुंचला फिरवावा. पाणी स्वच्छ राहिले तर शाई खरी.

तयार पेने : सुरुवातीचा सोपा मार्ग

ज्याला दौत, निब आणि सांडलवंड यांचा व्याप नको असेल, त्याने ठरावीक जाडीच्या तंतुटोकाच्या पेनांपासून प्रारंभ करावा. साकुराची पिग्मा मायक्रॉन, स्टेडलरची पिगमेंट लायनर आणि युनी पिन ही यांतील प्रचलित नावे. त्यांतील शाई रंगकणांची, जलरोधक आणि टिकाऊ असते. मायक्रॉनवरील आकडे मात्र मिलिमीटर नव्हेत, हे लक्षात ठेवावे. ००५ म्हणजे ०.२० मिलिमीटर, ०१ म्हणजे ०.२५, ०३ म्हणजे ०.३५, ०५ म्हणजे ०.४५ आणि ०८ म्हणजे ०.५० मिलिमीटर.

पूर्ण संच घेण्याचे कारण नाही. ०१, ०३ आणि ०८ अशी तीन पेने पुरतात : पहिले चेहरा व तपशिलासाठी, दुसरे आकृतींच्या बाह्यरेषेसाठी, तिसरे चौकटींसाठी. या पेनांची मर्यादा अशी की दाब वाढवला तरी रेघ विशेष जाड होत नाही, उलट टोक चेपते. नियमित, सम रेषा हेच त्यांचे बलस्थान आहे.

टाक आणि निब

टाकाची रेषा जिवंत वाटते, कारण दाबाबरोबर निबीचे दोन भाग फाकतात आणि रेघ रुंदावते. दाब सोडला की ती पुन्हा बारीक होते. चित्रकथाकारांत जपानी बनावटीची 'जी' निब विशेष प्रिय आहे. झेब्रा, निक्को आणि ताचिकावा या कंपन्या ती तयार करतात. ती पुरेशी ताठ असल्याने नव्या हाताला आवरते. 'मारू' निब त्याहून बारीक असून केस, पापण्या आणि दूरच्या दृश्यांसाठी उपयोगी पडते. दांडी घेताना ती आपल्या निबीच्या मापाची आहे ना, हे दुकानातच बसवून पाहावे. मारू निबीचा बुंधा नळीसारखा असल्याने ती प्रत्येक दांडीत बसत नाही.

नवी निब थेट शाईत बुडवली तर शाई तिच्यावरून थेंबाथेंबाने घसरते. गंज लागू नये म्हणून कारखान्यात तिला तेलकट लेप दिलेला असतो, तो साबणाच्या पाण्याने पुसून काढावा. निब शाईत तिच्या मधल्या छिद्रापर्यंतच बुडवावी आणि जादा शाई बाटलीच्या काठाला निथळू द्यावी. रेघ नेहमी आपल्याकडे ओढावी. टोक पुढे ढकलले तर ते कागदात रुतते. वळण अवघड वाटले तर हात न वळवता कागद फिरवावा.

कुंचला आणि एक सावधानता

मोठे काळे भाग भरण्यासाठी कुंचला लागतोच. पुढे सवय झाली की संपूर्ण पानही त्याने करता येते. सुरुवातीला २ किंवा ३ क्रमांकाचा गोल, टोकदार कृत्रिम केसांचा एक कुंचला पुरे. कोलिन्स्की या सायबेरियन प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे कुंचले शाईकामासाठी नावाजलेले आहेत, पण ते महाग असतात आणि नव्या हातात लवकर खराब होतात. कुंचला पाण्यात बुडवून एकदा झटकावा. केस एका टोकाशी जुळले तर घ्यावा, फाकले तर ठेवून द्यावा.

येथे कायद्याची एक बाब जाणून घेणे अत्यावश्यक आहे. मुंगसाच्या केसांचे कुंचले चित्रकारांत पूर्वापार वापरले जात. मुंगूस हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी असून त्याच्या केसांची खरेदी-विक्री हा दंड व कारावासास पात्र गुन्हा आहे. हे केस प्राणी मारूनच मिळवले जातात. टोकाला गडद, मधे फिकट आणि बुंध्याशी पुन्हा गडद अशा पट्ट्यांवरून हा कुंचला ओळखता येतो. विक्रेत्याने 'नैसर्गिक केस' म्हणून असा कुंचला पुढे केला, तर तो नाकारावा. आजचे चांगले कृत्रिम कुंचले शाईकामाला कुठेही कमी पडत नाहीत.

पूरक वस्तू

आराखड्यासाठी एचबी किंवा २एच पेन्सिल हलक्या हाताने वापरावी. खोलवर उमटलेली रेघ शाई वाळल्यावरही पुसली जात नाही. मळून घेता येणारा मऊ खोडरबर शाईचा काळेपणा कमी उतरवतो. पट्टीची कड कागदाला टेकली की शाई तिच्याखाली ओढली जाते, म्हणून उतरत्या कडेची पट्टी उलटी धरावी किंवा तिच्या पोटाला जाड चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून ती उचलून घ्यावी. चुका झाकण्यासाठी पांढऱ्या पोस्टर रंगाची एक बाटली पुरे. शाई पूर्ण वाळल्यावर तो घट्टसर लावावा. याखेरीज टीपकागद, जुने सुती फडके आणि हाताखाली ठेवायला एक कोरा कागद जवळ असावा. हाताच्या घामाचा तेलकटपणा कागदावर उतरला की तेवढ्या जागी शाई धरत नाही.

पावसाळ्यातील निगा

किनारपट्टीच्या दमट हवेत साहित्य घेण्याइतकेच ते जपणेही महत्त्वाचे असते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत उघडा राहिलेला कागद ओल धरतो, आणि उन्हाळ्यात नीट चाललेल्या कागदावरही रेघ फुटू लागते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, आडवा, भिंतीपासून दूर ठेवावा. निबी पुसून, कोरड्या करून झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात येणारी ओलावा शोषणारी पुडी त्या डबीत टाकली की गंज लांबतो. या दिवसांत शाई वाळायलाही अधिक वेळ लागतो, तेव्हा खोडरबर फिरवण्याची घाई करू नये.

कुंचला शाईत अर्ध्यापर्यंतच बुडवावा. धातूच्या कड्यात शिरलेली शाई वाळली की केस कायमचे फाकतात. काम थांबताच तो पाण्याने व साध्या साबणाने धुवावा, बोटांनी टोक जुळवावे आणि आडवा ठेवून वाळवावा. पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा करून ठेवू नये.

खरेदीचा क्रम

पहिल्या खेपेस जाड गुळगुळीत कागदाचे काही ताव, तीन पेने, एक पेन्सिल, मऊ खोडरबर, पट्टी आणि पांढरा पोस्टर रंग एवढेच घ्यावे. या सामग्रीवर किमान चार पाने पूर्ण करावीत. पेनाची रेषा एकसुरी वाटू लागली की जलरोधक शाईची बाटली, दांडी व दोन 'जी' निबी आणि कृत्रिम केसांचा कुंचला आणावा. मारू निब, ब्रश-पेन किंवा महागडा कुंचला यांची पाळी त्यानंतरची.

पूर्ण झालेले पान रेखाचित्र म्हणून ६०० डीपीआयवर स्कॅन करून छापील आकारात एकदा छापून पाहावे. कोणत्या रेघा टिकल्या, कोणत्या हरवल्या आणि कुठे काळे साचले, हे त्या छापील पानावरच कळते. पुढच्या वेळी दुकानात काय मागायचे, तेही त्यावरूनच ठरवावे.