एमसीमायक्रो
ऊतींच्या बहुवर्णी सूक्ष्मदर्शी प्रतिमांवरून प्रत्येक पेशीची मोजमापे काढणारी मुक्त-स्रोत संगणकीय कार्यमालिका. हार्व्हर्ड मेडिकल स्कूलमधील संशोधकांच्या पुढाकाराने ती विकसित झाली. तिचे वर्णन २०२१ मध्ये ‘नेचर मेथड्स’ने ऑनलाइन प्रसिद्ध केले.

एकाच ऊतिछेदावर प्रतिपिंडांच्या अनेक फेऱ्या देऊन (→ प्रतिरक्षा-अनुस्फुरण) तुकड्यातुकड्यांनी घेतलेल्या प्रतिमांतील असमान प्रकाश ‘बेसिक’ ही संगणकीय आज्ञावली दुरुस्त करते. ‘ॲशलर’ ही दुसरी आज्ञावली तुकडे जोडते व सर्व फेऱ्या एकमेकींवर जुळवते. मग पेशींच्या सीमा आखल्या जातात (→ प्रतिमा-विभाजन). हाच टप्पा सर्वांत नाजूक. कारण दाट ऊतीत शेजारच्या पेशीचा संकेत मिसळतो. अखेरीस दर पेशीमागे एक ओळ असलेला तक्ता मिळतो. त्यात स्थान, आकार व प्रथिनांची तीव्रता असते. टप्पे क्रमाने चालवणारी नेक्स्टफ्लो प्रणाली व प्रत्येक आज्ञावली वेगळी बंदिस्त ठेवणारे डॉकर यांमुळे कार्यमालिकेचे घटक स्वतंत्रपणे बदलता येतात.

अर्बुदातील प्रतिरक्षा पेशींची मांडणी अभ्यासण्यासाठी (→ कर्करोग) एमसीमायक्रोचा उपयोग होतो.