नाकाचे माप आणि जातीचे अंतर

रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने बंगालमधील जातींची नाके मोजली आणि १८९१ च्या सुमारास सिद्धांत मांडला: नाक जितके रुंद, तितकी जात खालची. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हाच माणूस. वर्णव्यवस्थेला जणू फूटपट्टीचा दाखला मिळाला.

बाबासाहेबांनी आकड्यांनाच आकड्यांनी उत्तर दिले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये त्यांनी घुर्ये यांच्या पुस्तकातील नासिकांकाचे प्रांतवार तक्ते घेतले आणि दाखवले की ब्राह्मण आर्य असतील, तर अस्पृश्यही आर्यच ठरतात. प्रतिपक्षाच्याच मापाने प्रतिपक्ष खोडला. पण नाक हे शेवटी एकच माप. अनेक मापे एकत्र कशी तोलायची?

हा प्रश्न प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यापुढे नागपुरात आला. १९२० च्या सायन्स काँग्रेसमध्ये नेल्सन अनंडेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियनांची शारीरिक मापे अभ्यासायला सुचवले. (त्याच वर्षी नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली. ती आपल्याला पाठ असते, ही गोष्ट नाही.) अडचण साधी आहे. उंच माणसाचे हातही लांब असतात. उंचीतला फरक आणि हातातला फरक यांची नुसती बेरीज केली, तर एकच फरक दोनदा मोजला जातो. मापांमधला सहसंबंध हिशेबात घेऊन दोन समूहांतले अंतर काढण्याची रीत महालनोबिस यांनी १९३६ च्या निबंधात मांडली. बहुचल सांख्यिकीत ती आजही त्यांच्या नावाने चालते.

१९४१ मध्ये संयुक्त प्रांतात घेतलेल्या मापांना हीच रीत लावली गेली. दोन ब्राह्मण गट एकमेकांजवळ आले, कारागीर जातींचा वेगळा पुंजका झाला. हे वाचून आपले काही कार्यकर्ते गडबडतात. का गडबडावे? सजातीय विवाह हेच जातीचे मर्म, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबियात सांगितले होते. पिढ्यान् पिढ्या लग्ने कुंपणाआतच लावली, तर मापांत थोडेफार अंतर पडणारच. त्यासाठी वेगळा वंश मानण्याची गरज नाही.

आज नाके मोजत नाहीत, रिग्रेशन करतात. 'शिक्षण, उत्पन्न आणि जमीन स्थिर धरली की जातीचा परिणाम नगण्य' असा निष्कर्ष छापून येतो. अरे, पण जमीन कुणाला मिळू दिली नाही? वर्गाबाहेर कुणाला बसवले? हे चल जातीनेच घडवले आहेत. ते स्थिर धरले की जातीचा बराचसा परिणाम आधीच वजा होतो, आणि उरलेल्या तुकड्याला 'जात' म्हटले जाते. असा तक्ता कुणी चर्चेत फेकला, तर पहिला प्रश्न हाच टाका: काय काय स्थिर धरले आहे?