पाण्याची बँक

तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवायचं ठरलं. तेव्हा तळमजल्यावरच्या काकांनी मीटिंगमध्ये एकच अट घातली, "टाकी समोरच्या सोसायटीच्या टाकीपेक्षा हातभर तरी उंच दिसली पाहिजे!" टाकी उंच झाली. पाणी मात्र पूर्वीसारखंच, सकाळी पाऊण तास. तेव्हापासून न्यूयॉर्कमधली ४०, वॉल स्ट्रीट ही बँकेची इमारत मला अगदी घरची वाटायला लागली आहे. पाहिली आहे ती फक्त फोटोत. पण घरच्यांचे गुण ओळखायला फोटो पुरतो.

या बँकेचा जन्म पाण्यातला. १७९८ साली न्यूयॉर्कात पिवळ्या तापाची साथ आली. विहिरींचं पाणी घाण, लोक घाबरलेले. ही संधी साधून ॲरन बर या वकिलाने १७९९ मध्ये शहराला स्वच्छ पाणी देण्यासाठी मॅनहॅटन कंपनी काढली. भांडवल वीस लाख डॉलर! परवान्यात एक कलम हळूच सरकवलं होतं : पाण्याच्या कामातून पैसा उरला, तर तो कायद्यात बसणाऱ्या इतर व्यवहारात लावावा. आता पैसा काय आपोआप उरतो? तो उरवावा लागतो. कंपनीने लोखंडाऐवजी झाडांचे ओंडके पोखरून नळ केले आणि सप्टेंबरात वॉल स्ट्रीटवर बँक उघडली. बँक जोरात चालली, पाणी रडतखडत. १८३२ साली पटकी आली आणि साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. इथे मात्र हसू येत नाही.

पुढे शंभरेक वर्षांत बँक गबर झाली आणि तिच्या जागेवर सत्तरेक मजल्यांचा मनोरा उठू लागला. आर्किटेक्ट होते क्रेग सेव्हरन्स. त्याच वेळी तिकडे क्रायस्लर मोटारवाल्यांची इमारत बांधत होते विल्यम व्हॅन ॲलन. हे दोघे एकेकाळचे भागीदार, नंतर बिनसलेलं. मोडलेल्या भागीदारीइतकी चुरस भाऊबंदकीतही नसते. क्रायस्लरची उंची ९२५ फूट जाहीर झालेली. बँकवाल्यांनी आपली ९२७ केली. दोन फूट! आमच्या काकांचा हातभरच की हा.

पण व्हॅन ॲलन बेरकी. त्यांनी १८५ फुटांचा पोलादी सुळका इमारतीच्या पोटातच गुपचूप तयार ठेवला होता. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी तो दीडएक तासात वर काढला, आणि क्रायस्लर झाली १,०४६ फुटांची. दुसऱ्याच दिवशी वॉल स्ट्रीटवर शेअरबाजार गडगडायला लागला. वर सुळका चढतोय, खाली भाव उतरताहेत!

१९३० च्या मे महिन्यात बँकेची इमारत पुरी झाली. तिच्या सल्लागार आर्किटेक्टांनी तक्रार मांडली, की सुळक्यात काय माणसं बसतात? माणसं बसतात असा सगळ्यांत वरचा मजला आमचाच! गंमत म्हणजे हीच मंडळी तेव्हा एम्पायर स्टेटचेही आराखडे करत होती. १९३१ मध्ये ती १,२५० फुटांवर गेली आणि दोन फुटांचं भांडण कायमचं मिटलं. १९५५ मध्ये बँकेचं स्वतःचंच चेस बँकेशी विलीनीकरण झालं. इमारत अजून उभी आहे.

परवा ही सगळी हकिगत मी काकांना ऐकवली. वाटलं, उंचीबद्दल काही बोलतील. पण काका खरे व्यवहारी.

"ते सगळं असू दे. त्या लोकांना पाणी शेवटी मिळालं का?"

"मिळालं ना. १८४२ मध्ये शहरानेच क्रोटन नदीचं पाणी आणलं. कंपनी निघाल्यावर त्रेचाळीस वर्षांनी."

काकांनी वर टाकीकडे पाहिलं, बोटांवर हिशेब केला आणि समाधानाने म्हणाले, "म्हणजे आपली अजून चाळीसच राहिली."