माळढोक आणि उत्क्रांतितत्त्व

उत्क्रांतीचें नांव निघालें कीं ‘माकडाचा माणूस झाला’ हें एकच वाक्य आपल्या सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतें. वास्तविक आजच्या कोणत्याहि माकडापासून माणूस झाला असें शास्त्र म्हणत नाहीं. दोघांचे पूर्वज फार प्राचीन काळीं एक होते, इतकेंच तें सांगतें. पण या तत्त्वाचें मर्म जाणण्यास माणसापासूनच आरंभ करण्याचें कारण नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील शिवार व माळरान आम्हांस त्यासाठीं पुरेसें आहे.

डार्विन व वॉलेस या इंग्रज पंडितांचे निबंध १८५८ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटींत एकत्र वाचले गेले, व पुढच्याच वर्षीं डार्विनचा ग्रंथ निघाला. त्यांचें प्रतिपादन थोडक्यांत असें: एकाच आईबापांची संतति सर्वस्वीं सारखी नसते, हे फरक पुष्कळदां वंशांत उतरतात, जन्मलेले सर्वच जगत नाहींत, आणि ज्यांचें वेगळेपण परिस्थितीशीं जुळतें, त्यांचा वंश अधिक वाढतो. आमच्या शेतकऱ्यास निवडीचा हा प्रभाव पूर्वीपासून ठाऊक आहे. चांगलें कणीस तो बियाण्यास राखतो. मोहोळ येथें तयार झालेलें मालदांडी ज्वारीचें एम ३५-१ हें वाण अशा निवडीचेंच फळ होय. शेतांत निवडणारा मनुष्य असतो. माळावर तेंच काम अवर्षण, शत्रु व अन्नाची टंचाई यांजकडून होतें, आणि त्यामागें कोणाचाहि हेतु नसतो.

नान्नजचें माळरान ज्याच्यामुळें प्रसिद्ध झालें, तो माळढोक पक्षी घेऊं. त्याची पाठ वाळल्या गवताच्या रंगाची, पाय लांब व चालण्यास योग्य; डोळे बाजूंस असल्यामुळें त्यास सभोंवारचें विस्तीर्ण दिसतें. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालिते. असंख्य पिढ्यांच्या निवडीनें बनलेली ही घडण मोकळ्या माळास साजेशी होती. परंतु समोरचें त्यास नीट दिसत नाहीं, आणि देह अवजड. म्हणून वाटेंत आलेली विजेची तार ऐन वेळीं चुकविणें त्यास साधत नाहीं. त्यांतच पुष्कळ माळ नांगराखालीं गेले. १९७९ सालीं येथें अभयारण्य झालें, तरी माळढोकाचें दर्शन आतां दुर्मिळ झालें आहे. २०१८ च्या सुमारास सबंध देशांत ते दीडशेच्या आसपास उरले असावेत, असा अंदाज होता.

तेव्हां ‘बलवान् तोच टिकतो’ हा उत्क्रांतीचा अर्थ नव्हे. परिस्थिति पालटली कीं कालचा गुण आज घातक ठरतो. नवी घडण होण्यास विपुल संतति व दीर्घ काळ लागतो. एका अंड्यावर चालणाऱ्या वंशानें चाळीसपन्नास वर्षांत तारेशीं जुळवून घ्यावें, ही अपेक्षा व्यर्थ आहे. निवड व्हावयास आधीं पुष्कळ जीव शिल्लक असावे लागतात. म्हणून माळ राखणें व तारा जमिनीखालून नेणें, हें काम निसर्गावर न सोंपवितां आपणच केलें पाहिजे.