कॉम्प्युटर सुरूच होत नाही? दोष वायरलेस कीबोर्डचाही असू शकतो

ऑनलाइन फॉर्म भरण्याचा शेवटचा दिवस. लाइट जाते, तासाभराने येते. कॉम्प्युटर चालू केला की काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी दिसतात आणि खाली सूचना असते: पुढे जाण्यासाठी एफ १ दाबा. एफ १ दहा वेळा दाबूनही स्क्रीन हलत नाही. मग एकच निष्कर्ष निघतो, 'कॉम्प्युटर गेला.'

पण अनेकदा कॉम्प्युटर ठीक असतो. तो उत्तराची वाट पाहत असतो आणि वायरलेस कीबोर्डचं उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचत नसतं.

यवतमाळ जिल्ह्यात वणी तालुक्यातलं राजूर हे कोळसा खाणीचं आणि चुनाभट्ट्यांचं गाव. अशा गावांमध्ये सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, परीक्षेचे अर्ज अशी कितीतरी कामं एखाद्या ऑनलाइन सेंटरच्या किंवा घरातल्या एकाच कॉम्प्युटरवर होतात. तो अडला की सीपीयू उचलून वणीला न्यायचा, म्हणजे दिवस गेला. त्यात 'विंडोज नवीन टाकावी लागेल' असं ठरलं आणि आधी बॅकअप घेतला नाही, तर डेस्कटॉपवरचे फोटो आणि पावत्याही जातात. म्हणून दुकान गाठण्याआधी दहा मिनिटं घरीच तपासणी केलेली बरी.

विंडोज येण्याआधी काय घडतं?

बटण दाबताच विंडोज सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यांमध्ये यूईएफआय. तो रॅम, डिस्क, कीबोर्ड तपासतो आणि मग विंडोजला हाक मारतो. काही चुकलं असेल तर याच टप्प्यावर तो थांबून एफ १, एफ २ किंवा डिलीट दाबायला सांगतो.

सगळे वायरलेस कीबोर्ड सारखे नसतात

पहिला प्रकार यूएसबी डोंगलवाला. डोंगल कॉम्प्युटरला साधा यूएसबी कीबोर्ड म्हणूनच ओळख देतो, त्यामुळे तो बहुतेक वेळा बायोसमध्येही चालतो.

दुसरा प्रकार ब्लूटूथचा. त्याची जोडणी साधारणपणे विंडोज सांभाळते. विंडोज सुरू झालेली नसेल, तर बहुतेक पीसीवर हा कीबोर्ड नसल्यातच जमा असतो. कीबोर्ड बिघडलेला नसतो, त्याला ऐकणारं कोणी जागं नसतं.

लाइट गेल्यावरच हे का होतं?

मदरबोर्डवर नाण्यासारखा ३ व्होल्टचा एक सेल असतो, बहुतेक मशीनमध्ये सीआर २०३२. तारीख, वेळ आणि जुन्या मशीनमधली बायोसची सेटिंग्ज त्याच्या जोरावर टिकतात. बोर्डावरचं बटण चालू असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते, म्हणून कमजोर झालेला सेलही चालून जातो. लाइट गेली किंवा रात्री बोर्डावरून बटण बंद केलं, की सगळा भार सेलवर येतो. तो संपलेला असेल तर घड्याळ काही वर्षं मागे जातं, सेटिंग्ज पुसली जातात आणि पुढच्या वेळी एफ १ ची सूचना येते.

काय करायचं? क्रमाने पाहा

१. वायरवाला यूएसबी कीबोर्ड लावा. शेजारून मागून आणला तरी चालेल. त्याने एफ १ दाबल्यावर कॉम्प्युटर पुढे गेला, तर अडचण कुठे होती ते कळलं.

२. तो मिळत नसेल, तर वायरलेस कीबोर्डचे सेल बदला आणि त्याचं बटण ऑन आहे का पाहा. कॉम्प्युटर चालू करण्याआधी एक-दोन बटणं दाबून कीबोर्ड जागा करा.

३. एफएन बटण तपासा. अनेक छोट्या कीबोर्डवर एफ १ च्या बटणालाच आवाज किंवा ब्राइटनेसचं काम दिलेलं असतं. तिथे एफएन दाबून धरून एफ १ दाबावं लागतं.

४. डोंगल हबमध्ये न लावता थेट सीपीयूच्या मागच्या बाजूला लावा, शक्यतो काळ्या यूएसबी २.० पोर्टमध्ये. निळ्या ३.० पोर्टला जोडलेल्या उपकरणांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये अडथळा येऊ शकतो. पोर्टमधली धूळही साफ करा.

५. राहिलेला पेन ड्राइव्ह काढा. कॉम्प्युटर त्यातच विंडोज शोधत बसलेला असू शकतो.

६. घड्याळ वारंवार मागे जात असेल, तर प्लग काढून सेल बदला आणि तारीख नीट लावा. तारीख चुकलेली असेल तर ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत वेबसाइट उघडायला नकार देतो.

बायोसमध्ये जाताच येत नसेल तर?

'फास्ट बूट' चालू असेल तर वेळ वाचवण्यासाठी यूएसबीची तपासणी विंडोज येईपर्यंत टाळली जाऊ शकते. मग डिलीट दाबलेलं कळतच नाही. विंडोज सुरू होत असेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडा. पुढे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज या वाटेने आत जाता येतं. तिथे फास्ट बूट बंद आणि 'लेगसी यूएसबी सपोर्ट' हा पर्याय असेल तर तो चालू करावा. त्याआधी डिस्कवर बिटलॉकर आहे का ते पाहा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा, कारण अशा बदलानंतर ती मागितली जाऊ शकते.

चूक कीबोर्डची नसतेही

१४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटनंतर रिकव्हरी स्क्रीनवर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले होते, वायरवालेसुद्धा. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला दुरुस्तीचं अपडेट दिलं. जुन्या गोल पिनचे पीएस/२ कीबोर्ड मात्र त्या काळातही चालत होते.

पंखाच फिरत नसेल, बीप वाजत राहत असेल किंवा स्क्रीनवर एक अक्षरही येत नसेल, तर बहुधा कीबोर्डचा संबंध नसतो. तिथे पॉवर सप्लाय, रॅम किंवा मॉनिटरची केबल तपासावी लागते आणि दुकान गाठणंच योग्य.

बाकी वेळी साधा वायरवाला कीबोर्ड पुरतो. वायरलेस घेतला म्हणून जुना भंगारात देऊ नका. कपाटावर पडलेला तो कीबोर्ड फॉर्मच्या शेवटच्या दिवशी वणीची फेरी वाचवू शकतो.