माहीमचा भाष्यकार

मूळ ग्रंथ लिहितो तो विचारवंत आणि त्यावर टीका लिहितो तो केवळ अनुयायी, असा समज सुशिक्षितांतहि रूढ आहे. मध्ययुगीन इस्लामी तत्त्वज्ञानाविषयीं तो विशेष दृढ झाला. कारण बाराव्या शतकानंतर त्यांतील पुष्कळसें लेखन ‘शर्ह’ म्हणजे भाष्य आणि ‘हाशिया’ म्हणजे समासांतील टीप यांच्या रूपानें झालें. विचार संपला, पाठांतर उरलें, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यांत आला. वस्तुस्थिति निराळी आहे.

इब्न सीना (मृत्यु 1037) याच्या ‘इशारात’ या ग्रंथाचें उदाहरण बोलकें आहे. फख्रुद्दीन राझी (मृत्यु 1210) यानें त्यावर भाष्य लिहिलें, तें जागोजाग आक्षेप घेत. नसीरुद्दीन तूसी (मृत्यु 1274) यानें दुसरें भाष्य लिहून त्या आक्षेपांना उत्तर दिलें. पुढें चौदाव्या शतकांत कुतुबुद्दीन राझी यानें या दोघांचा निवाडा करणारा तिसरा ग्रंथ रचला. ब्रह्मसूत्रें तींच, परंतु शंकराचार्य आणि रामानुजाचार्य यांनीं त्यांवरील भाष्यांतून भिन्न सिद्धांत मांडले, तसाच हा प्रकार होय.

या परंपरेचा एक थोर प्रतिनिधि कोंकणच्या किनाऱ्यावर होऊन गेला. मखदूम अली माहिमी हे नवायत समाजांतील विद्वान. मुंबईच्या सात बेटांपैकीं माहीम येथें त्यांचें वास्तव्य होतें आणि हिजरी 835, म्हणजे इ. स. 1431-32 मध्यें तेथेंच ते निवर्तले. स्पेनमध्यें जन्मलेल्या व 1240 सालीं दमास्कस येथें वारलेल्या इब्न अरबीचा ‘फुसूसुल हिकम’ हा ग्रंथ त्यांनीं भाष्यासाठीं घेतला. सत्तत्त्व एकच असून सर्व सृष्टि हा त्याचा आविष्कार आहे, असा त्या ग्रंथाचा आशय. अनेक धर्मशास्त्री इब्न अरबीला पाखंडी मानीत. अशा ग्रंथाचें विवरण आपुलकीनें करणें म्हणजे चालू वादांत उघड बाजू घेणें होतें.

कुराणावरील त्यांच्या ‘तब्सीरुर्रहमान’ या अरबी भाष्यांतहि हीच स्वतंत्र बुद्धि दिसते. कुराणाच्या 114 अध्यायांपैकीं 113 अध्यायांच्या आरंभीं ‘बिस्मिल्ला’ हें वचन येतें. माहिमींनीं त्या त्या अध्यायाच्या विषयास धरून प्रत्येक ठिकाणीं त्याचें निराळें विवरण केलें. तसेंच लागोपाठच्या वचनांमधील संगति उलगडून दाखविली. हें भाष्य 1878 सालीं कैरोनजीक बुलाक येथें छापलें गेलें. माहीमच्या पंडिताचें लेखन अरबांच्या विद्याकेंद्रांत मुद्रित व्हावें, ही गोष्ट लहान नव्हे.

आज माहीमच्या दर्ग्यांत श्रद्धेनें जाणारे असंख्य आहेत. त्यांत हिंदूहि आहेत. संत म्हणून माहिमींची स्मृति तेथें जागती आहे, परंतु त्यांचे ग्रंथ उघडणारे थोडे. 1290 सालीं सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका असूनहि तिला कोणी गीतेची नक्कल म्हणत नाहीं. तोच न्याय माहीमच्या या भाष्यकारालाहि मिळावयास हवा.